मला नेलं तर

ज्या ब्लॉगबद्दल हे लिहिते आहे त्याचं नाव, देश, भाषा यांपैकी काहीच सांगणार नाही. लिहिणारा आता कैदेतून सुटला आहे, पण राहतो त्याच देशात, आणि पुन्हा काही लिहिणार नाही असं त्याच्याकडून सहीनिशी घेतलेलं आहे. शोधायचंच ठरवलं तर माणूस ओळखायला दोन-तीन तपशील पुरतात. म्हणून काही प्रसंग मागेपुढे केलेत, काही गाळलेत. काय लिहिणार आहे ते त्याच्या बहिणीला आधी कळवलं होतं. तिने दोन गोष्टी काढायला लावल्या, त्या काढल्या.

आम्ही चौघं होतो. तो त्याच्या भाषेत लिहायचा. एके काळी त्याच्याबरोबर एकाच वर्तमानपत्रात असलेली आणि नंतर देश सोडावा लागलेली एक पत्रकार ते इंग्रजीत आणायची. मी इंग्रजी मजकूर तपासायचे, फोटो बघायचे आणि दोन्ही भाषांतल्या पोस्ट चढवायचे. चौथा सर्व्हर सांभाळायचा. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही, आणि ते माहीत नसणं हा कामाचाच भाग होता. इथे त्याला सर्व्हरवाला म्हणते.

ब्लॉग म्हटलं की एक माणूस आणि त्याचा कीबोर्ड असं चित्र डोळ्यांपुढे येतं. जिथे लिहिणं धोक्याचं असतं तिथे मात्र एका पोस्टमागे बरेच हात असतात. क्यूबातली योआनी सांचेस 2007 पासून हवानातल्या रोजच्या जगण्यावर लिहीत होती. घरी इंटरनेट नाही, म्हणून परदेशी पर्यटक असल्याचा आव आणून ती मोठ्या हॉटेलांत शिरायची, मजकूर ईमेलने बाहेरच्या मित्रांना पाठवायची आणि ते तो चढवायचे. 2008 मध्ये क्यूबात तिचा ब्लॉग अडवला गेला, तेव्हा तर स्वतःचं छापून आलेलं पानसुद्धा तिला दिसेना. ती स्वतःला आंधळी ब्लॉगर म्हणायची. तिचं लिखाण कितीतरी भाषांत नेणारी माणसं स्वयंसेवक होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला योआनीपेक्षा त्या अनोळखी मित्रांचं जास्त कुतूहल वाटलं होतं. त्यांना रात्री झोप लागत असेल का, वगैरे.

मी या कामात आले ती कोणाच्या तरी शिफारशीवरून. आधी मानवी हक्कांवरच्या काही अहवालांची भाषा तपासून दिली होती, तेवढंच भांडवल. एका ओळखीच्या व्यक्तीने विचारलं, मी हो म्हणाले, आणि मग बरेच आठवडे काहीच घडलं नाही. मला वाटलं बारगळलं. नंतर कळलं की त्या काळात माझी चौकशी चालू होती. मग प्रश्न आले, सगळे कंटाळवाणे. तुमचा संगणक घरात आणखी कोण वापरतं? त्या देशात नातेवाईक आहेत का? पुढच्या काही वर्षांत तिकडे जायचा विचार आहे का? कामाबद्दल जेवताना बोलायची सवय आहे का? आणि शेवटचा प्रश्न: या कामाचं श्रेय कधीच मिळालं नाही तर चालेल का? मी चालेल म्हणाले. सोपं वाटलं होतं तेव्हा.

तांत्रिक बाजूबद्दल लोक फार उत्सुकतेने विचारतात, पण तिच्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. वेगळा लॅपटॉप, त्याची डिस्क कुलूपबंद, सगळा प्रवास टॉरमधून, म्हणजे वापरणाऱ्याचा ठावठिकाणा लपवणाऱ्या जाळ्यातून, कुठल्याही खात्याला फोन नंबर जोडायचा नाही. हे शिकायला फार दिवस लागत नाहीत. बरीच माहिती जुनीच आहे. पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने ब्लॉगरांसाठीची पुस्तिका 2005 मध्येच काढली होती, आणि तिच्यातली तत्त्वं आजही लागू पडतात. अवघड जाते ती शिस्त. एक नियम सांगते. पोस्ट आली की लगेच चढवायची नाही. तो ऑनलाइन असल्याची वेळ आणि पोस्ट दिसल्याची वेळ यांत मेळ दिसला की टॉर असून नसून सारखाच. त्यामुळे कधी काही तास, कधी दोन-तीन दिवस थांबायचं, आणि त्या थांबण्यातही ठरावीकपणा येऊ द्यायचा नाही. एखाद्या सकाळी त्याच्या शहरात काहीतरी घडलेलं असायचं, त्याने त्यावर जीव ओतून लिहिलेलं असायचं, आणि मी ते उघडून ठेवून काहीच न करता बसलेली असायचे.

फोटोंवर मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ जायचा. फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती, म्हणजे कॅमेरा कुठला, तारीख-वेळ काय, ठिकाण कोणतं, ती काढून टाकायला एक छोटा प्रोग्राम पुरतो. पण चित्रात जे उघड दिसतं ते कुठला प्रोग्राम काढणार? सरकारी रुग्णालयाच्या रिकाम्या औषधकपाटाचा त्याने काढलेला एक फोटो होता. कपाटाला काच होती. काचेत फोन धरलेला हात आणि बाहीचं बटण दिसत होतं. दुसऱ्या एका फोटोत रस्त्यावरची सावली अशी पडली होती की कुठल्या मजल्यावरून, साधारण किती वाजता काढला हे कोणीही सांगितलं असतं. असे फोटो मी बाद करायचे आणि तो वैतागायचा. एकदा त्याने लिहिलं, "तू माझ्या देशातल्या सेन्सॉरपेक्षा कडक आहेस." चेष्टेत लिहिलं होतं. पण मला ते लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं.

तो लिहायचा काय, हे सांगायला हवं. अशा ब्लॉगांबद्दल एक समज आहे की तिथे सकाळ-संध्याकाळ हुकूमशहाला शिव्या घातलेल्या असतात. त्याच्या लिखाणात देशाच्या प्रमुखाचं नावही क्वचित यायचं. एका पुलाचं उद्घाटन दोनदा झालं आणि पूल अजून अर्धाच आहे. अमक्या शाळेतल्या शिक्षकांना अमक्या महिन्यापासून पगार नाही. रुग्णालयात कुठली औषधं आहेत आणि फलकावर कुठली लिहिली आहेत. प्रत्येक नोंदीला तारीख, जागा, आकडा. विशेषणं जवळजवळ नाहीतच. ती पत्रकार म्हणायची की वर्तमानपत्रात असतानाही तो असाच होता, संपादकाला त्याच्या बातमीत कापायला काही सापडायचं नाही, म्हणून पूर्ण बातमीच कापावी लागायची.

सरकारला घोषणांचा फारसा त्रास होत नाही असं माझं मत झालं आहे. घोषणेला उत्तर देता येतं, घोषणा देणाऱ्याला देशद्रोही ठरवता येतं. यादीला काय उत्तर देणार? चीनमध्ये 2008 च्या सिचुआन भूकंपात शाळांच्या इमारती कोसळून मुलं मेली. किती, कोण, हे सरकार सांगेना. कलावंत आय वेईवेई याने स्वयंसेवकांना गावोगाव पाठवून मेलेल्या मुलांची नावं गोळा केली आणि ती आपल्या ब्लॉगवर टाकत गेला. 2009 मध्ये तो ब्लॉग बंद पाडला गेला. इजिप्तमध्ये वाएल अब्बासने पोलीस कोठडीतल्या छळाचे व्हिडिओ ब्लॉगवर ठेवले. असे व्हिडिओ ब्लॉगांवरून पसरल्यामुळेच 2007 मध्ये एका प्रकरणात दोन पोलिसांना शिक्षा झाली. त्याच वर्षी यूट्यूबने अब्बासचं खातं बंद केलं. कारण दिलं, दृश्यं हिंसक आहेत. बोभाटा झाल्यावर खातं परत मिळालं. आमचा सर्व्हरवाला मोठ्या कंपन्यांच्या फुकट जागेवर ब्लॉग ठेवायला का तयार नव्हता ते अशा गोष्टींमुळे.

आणखी एक गोष्ट आम्ही इतरांच्या अनुभवावरून शिकलो. ब्लॉगरला ब्लॉगसाठी पकडलं असं कागदावर सहसा येत नाही. व्हिएतनाममध्ये ‘दियेउ काय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या न्गुयेन वान हाय यांना 2008 मध्ये करचुकवेगिरीसाठी अडीच वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून झाल्यावरही सोडलं नाही. मग 2012 मध्ये सरकारविरोधी प्रचाराच्या कलमाखाली आणखी 12 वर्षं. अझरबैजानमध्ये एमिन मिल्ली आणि अदनान हाजीजादे यांनी 2009 मध्ये गाढवाच्या पत्रकार परिषदेचा एक विनोदी व्हिडिओ केला होता. काही दिवसांनी उपाहारगृहात त्यांच्यावर हल्ला झाला, ते तक्रार द्यायला पोलिसांकडे गेले, आणि गुंडगिरीच्या आरोपाखाली अटक झाली ती त्यांनाच. ट्युनिशियात झुहैर याह्यावीने आपल्या संकेतस्थळावर वाचकांचा कौल घेतला होता: आपला देश प्रजासत्ताक आहे, राजेशाही आहे, प्राणिसंग्रहालय आहे की तुरुंग? 2002 मध्ये त्याला सायबर कॅफेतून उचललं. सुटला 2003 च्या अखेरीस, आणि 2005 मध्ये हृदयविकाराने गेला. वयाची चाळिशीही गाठली नव्हती.

काही सरकारं तर याहून नीटनेटकी निघाली. रशियाने 2014 मध्ये कायदा केला की दिवसाला 3000 हून जास्त वाचक असलेल्या ब्लॉगरने सरकारकडे नोंदणी करावी. टांझानियाने 2018 मध्ये ब्लॉगला परवाना आणि त्याची भरमसाट फी लावली. तुरुंग नाही, मारहाण नाही, फक्त अर्ज भरायचा.

यातून आमच्या सुरक्षेच्या सूचनांमध्ये टॉर आणि पासवर्डच्या शेजारीच एक ओळ आली: कर, भाडं, वीजबिल, वाहनाची कागदपत्रं, सगळं वेळच्या वेळी आणि पावतीसह. तो माणूस त्या देशातला सर्वांत आज्ञाधारक नागरिक झाला होता. रस्तासुद्धा सिग्नल बघूनच ओलांडायचा, असं त्याची बहीण सांगते.

ब्लॉग अडवला जाणार हे धरलेलंच होतं, आणि एक दिवस तो अडवला गेला. ट्युनिशियात पूर्वी अडवलेल्या पानाच्या जागी ‘404, पान सापडलं नाही’ असा साळसूद संदेश यायचा, आणि लोकांनी त्या अदृश्य सेन्सॉरला ‘अम्मार 404’ असं नाव ठेवलं होतं. आमच्याकडे तेवढीही गंमत नव्हती, पान नुसतं उघडत नसे. सर्व्हरवाल्याने दुसऱ्या पत्त्यांवर प्रती उभ्या केल्या. मी प्रत्येक पोस्टची हलकी, चित्राविना प्रत बनवायला लागले, म्हणजे ती फोनवरून पुढे पाठवता येईल. वाचक कमी झाले का वाढले हे आम्हाला कधी नीट कळलं नाही. वाचकांची नोंदच आम्ही ठेवत नव्हतो. न ठेवलेली नोंद कोणी जप्त करू शकत नाही.

याच सुमाराला बाहेरच्या एका पत्रकाराने आम्हाला स्पष्टच विचारलं, हा माणूस खरा आहे कशावरून? प्रश्न रास्त होता. 2011 मध्ये दमास्कसमधल्या एका समलिंगी मुलीचा म्हणून एक ब्लॉग जगभर गाजला होता. मग तिचं अपहरण झाल्याची पोस्ट आली, सुटकेसाठी मोहिमा सुरू झाल्या, आणि काही दिवसांत उघड झालं की ती मुलगी अस्तित्वातच नाही. लिहिणारा एडिनबरामध्ये शिकणारा चाळिशीचा अमेरिकन पुरुष होता आणि मुलीचा म्हणून फिरणारा फोटो लंडनमधल्या भलत्याच बाईचा होता. त्या एका लबाडीची किंमत सीरियात खरोखर लिहिणाऱ्यांनी मोजली, कारण त्यानंतर प्रत्येकाकडे पुरावा मागितला जाऊ लागला. आणि टोपणनावाने लिहिणाऱ्याकडे देण्यासारखा एकमेव पुरावा म्हणजे त्याचं नाव. आम्ही त्या पत्रकाराला काहीच दिलं नाही. त्याची बातमी छापून आली नाही.

आता त्या कागदाबद्दल. मी कामाला लागल्यावर काही महिन्यांनी त्याने आम्हा सगळ्यांना एक मजकूर पाठवला. मथळा होता, ‘मला नेलं तर’. म्हणाला, वाचा आणि पटत नसेल तिथे भांडा, आत्ता भांडा, नंतर मी नसेन. मी आयुष्यात वाचलेल्या मृत्युपत्रांपेक्षा तो जास्त थंड डोक्याने लिहिलेला होता.

पहिली सूचना अशी: पहिला दिवस गप्प बसा. पुष्कळदा चौकशीला नेतात, दमात घेतात आणि संध्याकाळी सोडतात. तेवढ्यात बाहेर गलका झाला तर ज्या अधिकाऱ्याला मला गुपचूप सोडायचं आहे त्यालाही सोडता येणार नाही. दुसऱ्या रात्रीपर्यंत आलो नाही तर पुढचा निर्णय बहिणीचा. ती म्हणेल बोला तर बोला, ती म्हणेल गप्प तर गप्प. तिचं म्हणणं तुम्हाला भित्रेपणाचं वाटलं तरी.

दुसरी: रांगेत असलेल्या पोस्ट ताबडतोब थांबवा. हे मला आधी कळलं नव्हतं. मला वाटत होतं की तो कोठडीत असताना ब्लॉगवर नवी पोस्ट आली तर लिहिणारा तो नव्हेच असं सिद्ध होईल. त्याने माझा हा विचार आधीच ओळखून खाली लिहिलं होतं: ‘मी तो नाही हे दाखवायला जाऊ नका. मग ते विचारतील, तर कोण? आणि ते मलाच विचारतील.’

तिसरी पासवर्डची. मारलं तर मी सांगेन, असं त्याने सरळ लिहिलं होतं. सांगणार नाही असा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही. म्हणून माझ्याकडे सांगण्यासारखं काही असता कामा नये. त्या दिवसापासून सर्व्हरवाल्याने त्याचे सगळे अधिकार काढून घेतले. तो मजकूर एका बाजूने आत टाकू शकत होता, बस्स. स्वतःच्या ब्लॉगमधला एक स्वल्पविरामही त्याला हलवता येत नव्हता. शुद्धलेखनाची चूक दिसली की तो आम्हाला विनंती करायचा, इतर वाचकांसारखीच.

चौथ्या सूचनेवर सगळ्यात जास्त भांडण झालं. माझ्याकडून ब्लॉग पुसा असा निरोप आला तर लगेच पुसा. जबरदस्तीने सांगितलं असेल का याचा विचार करत बसू नका. जबरदस्तीनेच सांगितलेलं असणार, आणि तरीही पुसा.

मग बारीकसारीक. नाव जाहीर झालंच तर कुठला फोटो वापरायचा (टाय घातलेला, हसरा, ‘मी शिक्षकासारखा दिसतो तो’). मला विरोधी नेता म्हणायचं नाही. वीर वगैरे तर नाहीच. बहिणीला विचारल्याशिवाय कुठल्याही परदेशी सरकारचं पत्रक मिळवायला धावायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचं नाव.

पहिल्या सूचनेवरही भांडण झालं, ते असं. सर्व्हरवाला म्हणायचा, पहिल्या तासापासून ओरडलं पाहिजे. त्याच्याकडे सत्तार बेहेश्तीचं उदाहरण होतं: इराणमधला 35 वर्षांचा मजूर, साधा ब्लॉग लिहायचा. 2012 च्या ऑक्टोबरअखेर सायबर पोलिसांनी नेलं आणि काही दिवसांतच कोठडीत त्याचा मृत्यू झाला. धमक्या येताहेत असं त्याने अटकेआधी स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्याच्यासाठी जगाने गलका केला तो तो मेल्यावर. "दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबायचं म्हणजे किती तास, हे त्याला जाऊन विचार," असं सर्व्हरवाल्याने लिहिलं होतं. यावर काय बोलणार?

पत्रकार बाईंचं म्हणणं उलट. गाजावाजा झाला की माणूस सरकारच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होतो आणि मग त्याला सोडणं ही माघार ठरते. तिने सौदी अरेबियातल्या राइफ बदावी या ब्लॉगरचं नाव घेतलं. 10 वर्षं कैद, 1000 फटके आणि 10 लाख रियाल दंड. 2015 च्या जानेवारीत जेद्दामध्ये भर चौकात पहिले 50 फटके मारले, जगभर संताप उसळला, युरोपीय संसदेने त्याला साखारोव पुरस्कार दिला. पुढचे फटके त्यानंतर प्रत्येक वेळी पुढे ढकलले गेले. पण कैद त्याने पूर्ण भोगली, सुटला 2022 मध्ये, आणि तरी देश सोडायला बंदी. बायको-मुलं कॅनडात. आता हे उदाहरण कोणाच्या बाजूचं? फटके थांबले म्हणणाऱ्याच्या, की 10 वर्षं सुटली नाहीत म्हणणाऱ्याच्या? आम्ही दोन्ही बाजूंनी वापरलं.

इथिओपियातल्या ‘झोन 9’ या ब्लॉगरांच्या गटाचंही तसंच. कालिटी तुरुंगाचे आठ विभाग आहेत आणि बाहेरचा देश हा नववा, म्हणून हे नाव. 2014 च्या एप्रिलमध्ये सहा ब्लॉगर आणि तीन पत्रकारांना पकडलं, दहशतवादाचे आरोप लावले. 2015 च्या जुलैमध्ये काहींना अचानक सोडलं, आणि त्याच महिन्यात ओबामांचा दौरा होता. उरलेले ऑक्टोबरमध्ये सुटले. दबाव चालतो असं यावरून म्हणता येतं. आणि इजिप्तच्या अला अब्देल फताह या ब्लॉगरकडे पाहिलं तर तेवढ्याच खात्रीने उलट म्हणता येतं. त्याच्यासाठी जगभर मोहिमा चालल्या, 2021 मध्ये सुनावलेली पाच वर्षं त्याच्या घरच्यांच्या हिशोबाने 2024 मध्ये संपली होती, तरी सोडलं नाही. आई लैला सुएफ यांनी उतारवयात दीर्घ उपोषण केलं, तेव्हा कुठे 2025 च्या सप्टेंबरमध्ये माफी मिळाली. तो पहिल्यांदा तुरुंगात गेला होता 2006 मध्ये.

मी या वादात फारसं बोलत नसे. पण हळूहळू एक गोष्ट मला खुपू लागली. आम्ही तिघंही सुरक्षित होतो. ओरडलो तरी आमच्या अंगावर काही येणार नव्हतं, गप्प बसलो तरी नाही. धाडसाची जितकी भाषा होती ती सगळी बाहेरच्यांची होती. आत असलेल्याने रक्तदाबाच्या गोळीचं नाव लिहिलं होतं. शेवटी त्याचा कागद होता तसाच राहिला. सर्व्हरवाल्याने मतभेदाची एक ओळ खाली जोडली आणि सही केली, अर्थात टोपणनावाने.

मग त्याला नेलं. बहिणीकडून ठरलेलं वाक्य आलं, अगदी साधं, हवापाण्याचं. मी रांगेतल्या पोस्ट थांबवल्या. त्यानंतर माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. गप्प बसणं हे काम म्हणून करायचं असतं तेव्हा ते फार थकवतं. तासातासाला मी फोन उघडून बघत होते. दुसरी रात्र गेली. बहीण म्हणाली, थांबा. तिसरी गेली. थांबा. सर्व्हरवाल्याचे निरोप तुटक होत गेले. मग तिथल्या सरकारी वर्तमानपत्राने त्याचं खरं नाव आणि फोटो छापला, पोलीस ठाण्यातला, टाय नसलेला. त्या दिवशी बहिणीचा निरोप आला: आता बोला.

आम्ही बोललो. छोटं निवेदन, हसरा फोटो, वीर हा शब्द नाही. काही ठिकाणी छापून आलं, काही ठिकाणी ‘विरोधी नेता’ म्हणूनच आलं, दुरुस्ती मागून काही ठिकाणी मिळाली. आरोपपत्र आलं तेव्हा त्यात ब्लॉगचा उल्लेखच नव्हता. आरोप त्याच्या घरात सापडलेल्या एका यंत्राबद्दल होता, ज्याला म्हणे परवाना लागतो. सगळी बिलं भरलेली असूनही त्यांना काहीतरी सापडलंच. खटला बंद दाराआड चालला.

आणि त्याच काळात तो निरोप आला. वकिलामार्फत बहिणीला, बहिणीकडून आम्हाला: पुसा.

कागदावर ठरलेलं असूनही पुन्हा वाद झाला, आणि या वेळी पत्रकार बाईच म्हणाली की दोन दिवस थांबू या. इतकी वर्षं ज्या वाक्यांसाठी ती अर्ध्या रात्री जागली होती ती वाक्यं होती ती. सर्व्हरवाला, ज्याने आयुष्यभर ओरडायचा आग्रह धरला, तो म्हणाला, लिहिलंय ना त्याने, पुसा. शिवाय प्रती होत्याच. इंटरनेट आर्काइव्हने जुनी पानं साठवलेली होती, वाचकांनी पुढे पाठवलेल्या प्रती कोणाकोणाच्या फोनमध्ये होत्या. त्या परत मागवणं ना आमच्या हातात होतं ना पोलिसांच्या. कदाचित पोलिसांनाही हे माहीत होतं. त्यांना मजकूर नाहीसा व्हायला नको होता, त्याने तो नाहीसा करायला हवा होता.

पुसण्याचं काम माझ्याकडे आलं. सर्व्हरवर एका आज्ञेत सगळं गेलं असतं. पण बाहेर ठेवायची प्रत पूर्ण आहे ना हे आधी पडताळायचं होतं, म्हणून एकेक नोंद उघडून, प्रतीशी जुळवून, मग काढली. पूल आला, शिक्षक आले, औषधाचं कपाट आलं. बाद केलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये होते, ते मी आधीच कायमचे नष्ट केले होते, नियमाप्रमाणे. ते काम संपल्यावर मुख्य पानावर काय ठेवायचं हा प्रश्न होता. ‘लेखकाच्या इच्छेनुसार’ असं लिहिलं तर खोटं, ‘दबावामुळे’ लिहिलं तर त्याला त्रास. पान कोरंच ठेवलं.

नंतर आम्हाला पत्रं आली. तुम्ही शरण गेलात, तुम्ही त्यांचंच काम केलंत, हा ब्लॉग आम्ही चालवला असता तर मरेपर्यंत झुकलो नसतो. लिहिणारे सगळे बाहेरच्या देशांतले होते, हे पत्त्यांवरून नाही, लिहिण्याच्या आवेशावरून कळत होतं. देशातल्या आतून एकच पत्र आलं. त्यात विचारलं होतं की शिक्षकांच्या पगाराची नोंद कोणाकडे असेल तर मिळेल का, दाव्यात जोडायची आहे. बहिणीमार्फत परवानगी घेऊन ती दिली.

तो सुटला ते हमीपत्रावर. किती शिक्षा झाली, किती भोगली, ते सांगत नाही. आमच्याशी त्याचा थेट संपर्क नाही आणि नसावा. ती प्रत सध्या एका तिसऱ्याच व्यक्तीकडे आहे. वर्षातून एकदा ती उघडून बघायची, फाइली वाचता येतात का, डिस्क धडधाकट आहे का, एवढं ठरलंय. एकदा बहिणीने कळवलं की तो आता एका दुकानात हिशोब लिहितो आणि मालक खूश आहे, कारण तारीख आणि आकडा कधी चुकत नाही.

मी आता दुसऱ्या एका ब्लॉगच्या कामात आहे. लिहिणारी तरुण आहे, भाषा दुसरी, देश दुसरा. तिला आम्ही सुरुवातीलाच तो कागद लिहायला सांगितला. तिने लिहिला, चांगला लिहिला, पण पासवर्डच्या सूचनेवर अडली आहे. म्हणते, माझ्याच ब्लॉगची किल्ली माझ्याकडे नसेल तर मग तो माझा कसा? मी तिला त्यामागची कारणं समजावते, ती ऐकते आणि पुन्हा तेच विचारते. तिचं म्हणणं मला पटतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ही सूचना ठरेपर्यंत तिच्या पोस्ट चढवायच्या नाहीत असं सर्व्हरवाल्याने सांगितलंय, आणि तिचे चार लेख माझ्याकडे तसेच पडून आहेत.